देवकाचं पान, घराचं चिन्ह

सुट्टीत मुलांच्या हाती येणाऱ्या हस्तकलेच्या पुस्तकांत हल्ली 'आपल्या कुटुंबाचं चिन्ह बनवा' असा एक उपक्रम हमखास असतो. नमुन्यादाखल एक ढाल छापलेली असते. तिचे चार भाग, एकात मागच्या पायांवर उभा सिंह, एकात किल्ल्याचा बुरूज, खाली फडकती पट्टी. चिखलीतलं किंवा मेहकरातलं पोर तोच सिंह पिवळा रंगवतं, पट्टीवर आडनाव लिहितं आणि कागद भिंतीला लागतो. सिंहाचा त्या घराशी काय संबंध, हे कुणी विचारत नाही. गंमत अशी, की त्याच घरात लग्न निघालं की मांडवाच्या मेढीला एक डहाळी बांधतात, तिची पूजा करतात, आणि ती कोणत्या झाडाची असायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. घराचं चिन्ह आधीपासून आहे. ते फक्त कधी कागदावर उतरलेलं नाही.

या डहाळीला देवक म्हणतात. मराठा, कुणबी, माळी, धनगर, कोळी अशा कितीतरी समाजांत ते आहे. बहुतेकांचं देवक झाडाचं: वड, पिंपळ, उंबर, आंबा, जांभूळ, कळंब, शमी, रुई, पळस. काहींचं पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं एकत्र. त्यातली चार साधारण वड, पिंपळ, उंबर आणि आंबा ही असतात. पाचव्या जागी कुठे जांभूळ येतं, कुठे पायर. झाडांपलीकडचीही देवकं आहेत. मोऱ्यांचं मोराचं पीस प्रसिद्ध आहे, कदमांचा कळंब तसाच. शंख, कमळ, हळद, सोनं, तलवारीचं पातंसुद्धा कुणाकुणाचं देवक असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा हळदीच्या दिवशी घरातलं एखादं जोडपं वाजतगाजत डहाळी आणायला जातं. पुष्कळ गावांत ती आधी मारुतीच्या देवळात नेतात, मग मांडवात. गावागणिक तऱ्हा वेगळी, पण डहाळी आल्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही हे सगळीकडे सारखं.

देवक लग्नापुरतंच असतं असंही नाही. उंबर ज्यांचं देवक, ते उंबर तोडत नाहीत, सरपणात घालत नाहीत. पळस ज्यांचं देवक, ते त्याच्या पानांवर जेवायला कचरतात. वऱ्हाडातल्या जुन्या बायकांना 'आपलं देवक कोणतं' असं थेट विचारलं तर कधी कधी चटकन आठवत नाही. 'आपल्यात चुलीत कोणतं लाकूड घालत नाहीत' असं विचारलं की उत्तर लगेच येतं. मुलांना हा दुसरा प्रश्न शिकवून पाठवावं.

इंग्रज राजवटीतल्या अधिकाऱ्यांनी या गोष्टीची बारकाईनं नोंद केली. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला होता. त्यामुळे आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर चार खंड काढले, त्यांत इथल्या कुणब्यांच्या आणि मराठ्यांच्या चालीरीतीही आल्या. मुंबई इलाख्यापुरतं तेच काम आर. ई. एन्थोवेन यांनी १९२० ते १९२२ या काळात तीन खंडांत केलं. या जाडजूड ग्रंथांमधून देवकांच्या याद्या निघाल्या आणि आता त्या मोबाइलवर फिरतात: अमुक आडनाव, अमुक देवक. त्यांवर फार विसंबू नये. एकच आडनाव अनेक जातींत सापडतं, आणि एकाच आडनावाची दोन गावांतली घरं वेगवेगळी देवकं सांगतात. युरोपातही हाच घोळ आहे. तिथे पर्यटकांना आडनाव विचारून तयार कुलचिन्ह विकणारी दुकानं असतात. इंग्लंडच्या रीतीप्रमाणे मात्र चिन्ह आडनावाला मिळत नाही, ते एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं. दोन्हीकडे उपाय एकच. यादी बाजूला ठेवून घरातल्या माणसांना विचारायचं.

ती सिंहाची ढाल मुळात कुठून आली हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. बाराव्या शतकात युरोपातले सरदार लोखंडी शिरस्त्राणाखाली चेहरा झाकून लढत. झाकलेला माणूस आपला की परका हे लांबून कळावं म्हणून ढालीवर ठळक आकृत्या आल्या. ओळखणं हेच काम असल्यामुळे रंगांचा एक कडक नियम रुळला. सोनेरी आणि रुपेरी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर रंग चालतो, रंगावर धातू चालतो. पण रंगावर रंग किंवा धातूवर धातू चालत नाही. निळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर पिवळं काढलं तर शंभर पावलांवरून काही दिसत नाही. आपल्या एसटीच्या पाट्या आणि रस्त्यावरचे फलक आजही नकळत हेच पाळतात. मुलांना चित्रकलेचा एकच नियम द्यायचा असेल तर हा द्यावा.

ही ढालीची पद्धत हिंदुस्थानात आली ती मात्र वरून लादलेल्या समारंभातून. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटननं दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. त्या वेळी संस्थानिकांना सॅटिनचे मोठमोठे ध्वज वाटले गेले. प्रत्येकावर युरोपी धाटणीची ढाल आणि त्या त्या घराण्याचं चिन्ह होतं. ही चिन्हं बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्यानं आखली, बऱ्याचदा घराण्यांच्या जुन्या आख्यायिकांवरून. ध्वज इतके जड झाले की एकेक उचलायला दोन धट्टेकट्टे हायलँडर शिपाई लागत, अशी खुद्द लिटनचीच तक्रार होती. घराच्या चिन्हाचा भपका वाढला की काय होतं, याचा याहून चांगला दाखला सापडणार नाही.

त्या आख्यायिका मात्र आपल्याच होत्या. शिंद्यांच्या चिन्हात नाग दिसतात. त्यामागची गोष्ट अशी, की झोपलेल्या पोराच्या तोंडावर ऊन आलं तेव्हा नागानं फणा धरून सावली केली. हीच गोष्ट मल्हारराव होळकरांबद्दलही सांगतात, आणि दोन्हीकडचे सांगणारे ती आपलीच मानतात. बडोद्याच्या गायकवाडांच्या चिन्हावर 'जीन घर, जीन तख्त' ही अक्षरं होती: घोड्याचं खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. सततच्या स्वाऱ्यांवर उभं राहिलेलं घराणं दुसरं काय लिहील? चार शब्दांत पूर्ण चरित्र आलं. मुलांनी पट्टीवर आडनाव लिहिण्यापेक्षा असं काही शोधलं तर मजा आहे. घरात कुणाच्या तरी तोंडी एक ठरलेलं वाक्य असतंच. आजोबा प्रत्येक पेरणीला काय म्हणतात, आई दार लावताना काय म्हणते, हे पट्टीवर जावं.

वऱ्हाडाला तर चिन्हांच्या प्रवासाचा आणखी जुना नमुना लाभला आहे. मेळघाटातल्या गाविलगडाच्या दरवाजावर दगडात कोरलेला दोन तोंडांचा पक्षी आहे. त्याच्या चोचींत हत्ती आहेत. हा गंडभेरुंड. तो विजयनगरच्या नाण्यांवर होता, पुढे म्हैसूरच्या राजचिन्हात गेला, आज कर्नाटक सरकारच्या बोधचिन्हावर आणि तिथल्या एसटी गाड्यांवर आहे. मग तो सातपुड्यात कसा आला? वऱ्हाडची इमादशाही १४९० मध्ये ज्यानं स्थापली तो फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू घरचा. लढाईत पोरवयात बहामनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, हुशारीवर सुभेदार झाला. आपल्या मूळ मुलखाचा पक्षी त्यानं वऱ्हाडच्या किल्ल्यावर बसवला असं अभ्यासक मानतात. धर्म बदलला, भाषा बदलली, मुलूख बदलला, आणि लहानपणी पाहिलेलं चित्र तेवढं बरोबर राहिलं. खामगावच्या बाजारपेठेत राजस्थान-गुजरातहून येऊन स्थिरावलेली घरं आहेत, मलकापूरच्या रेल्वे वस्तीत कुठकुठली माणसं आहेत. अशा घरातल्या मुलांनी इथलं झाड काढावं की मागे सोडलेल्या गावचं काही, या प्रश्नाला फतेहउल्लानं पाचशे वर्षांपूर्वी आपलं उत्तर देऊन ठेवलं आहे.

मला विचाराल तर आपल्या देवकाच्या सर्वांत जवळ जातं ते जपान. तिथल्या घराण्यांच्या चिन्हांना कामोन म्हणतात. हजारेक वर्षांपूर्वी दरबारी सरदार आपापल्या बैलगाड्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावर आकृत्या काढू लागले, तिथून ती सुरू झाली असं मानतात. पुढे लढाईच्या निशाणांवर गेली, आणि एदो काळात साध्या दुकानदारांच्या घरांनीही ती घेतली. ढाल नाही, सिंह नाही, रंगांची आतषबाजी नाही. बहुधा एक वर्तुळ, त्यात एखादं पान, फूल किंवा पीस, तेही एकाच रंगात. अडीचशेहून अधिक वर्षं जपानवर सत्ता गाजवणाऱ्या तोकुगावा घराण्याचं चिन्ह काय, तर एका रानटी वनस्पतीची तीन पानं, टोकं मध्याकडे वळवून वर्तुळात बसवलेली. बस्स. आता उंबराची तीन पानं तशीच वर्तुळात बसवून पाहा. वडाचं एक जाड पान आणि त्याखाली एक पारंबी. पिंपळाचं पान तर निसर्गानंच चिन्हासारखं कापून ठेवलंय. शेपटीसारखं त्याचं टोक आखूड केलं तरी ओळख जात नाही.

वस्तूंना अर्थ देऊन त्यांची मांडणी करायची, ही कला शिकायला जपानलाही जायला नको. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ गाव आहे. तिथे अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. वाघ घराण्याकडे ती परंपरेनं आहे आणि चंद्रभान महाराजांनी तीनेकशे वर्षांपूर्वी ती सुरू केली असं सांगतात. शेतात गोल घट आखून कडेनं अठरा प्रकारची धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर. घागरीवर पुरी म्हणजे पृथ्वी. करंजी म्हणजे तिजोरी. कुरडई म्हणजे गुराढोरांचा चारा. पानसुपारी म्हणजे राजा. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणतं धान्य विखुरलं, पान हललं की जागेवर राहिलं, यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. भाकिताला शास्त्राचा आधार नाही, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले ते दरवर्षी बजावतात. त्यांचं बरोबर आहे. पण मला रस आहे तो मांडणीत. राज्य, तिजोरी, जमीन, पाऊस, गुरं आणि अठरा पिकं, अख्खा मुलूख एका वर्तुळात, आणि सगळं सामान स्वयंपाकघरातलं आणि कोठीतलं. कुठल्या वस्तूनं काय दाखवायचं हे इतक्या नेमकेपणानं ठरवलेलं चित्र युरोपातल्या ढालींवरही क्वचित सापडतं. घराच्या चिन्हासाठी मुलांना हीच रीत उचलता येते. आपल्या घराची तिजोरी कशानं दाखवायची? पाऊस कशानं? घरातला राजा कोण, आणि त्याच्यासाठी पानसुपारी ठेवायची की चष्मा?

सुरुवात कागदानं करू नये, चौकशीनं करावी. देवक कोणतं, कुलदैवत कोणतं, घर मूळ कोणत्या गावचं, घाटावरचं की घाटाखालचं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. माती वेगळी, पाणी वेगळं, बोलण्याची लकब वेगळी. घाटाखाली पूर्णेच्या काठची काळी माती खोल, पण पुष्कळ गावांत विहिरीला खारं पाणी. खारपाणपट्ट्यातल्या घराच्या चिन्हात गोड पाण्याचा हंडा आला तर त्याला सिंहापेक्षा जास्त अर्थ आहे. लोणारच्या मुलाला वर्तुळ शोधायला लांब जायला नको. काळ्या बेसॉल्ट खडकात उल्कापातानं पाडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर दारातच आहे. रंग मात्र त्यानं विचारपूर्वक निवडावा. विवरातलं तळं एरवी शेवाळामुळे हिरवं दिसतं, पण जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं.

मग कामधंदा. खामगावला १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. ज्यांच्या आज्यापणज्यांनी जिनिंगमध्ये सरकी-रुई वेगळी केली, त्यांच्या चिन्हात उमललेलं बोंड यायला हवं. आजोबा कापूस सांगतील, पणजीच्या गोष्टींत ज्वारीचं कणीस असेल, आणि पोरानं आपल्या जन्मात शेतात पाहिलंय ते सोयाबीन. त्याला सोयाबीनची तीन दाण्यांची लवदार शेंग काढायची असेल तर काढू द्यावी. जुनं तेच घराचं, असं कुणी सांगितलंय? देवकंही कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा निवडलीच असतील.

यादी लांब झाली की तिला कात्री लावायची. तीनपेक्षा जास्त वस्तू नकोत, आणि त्यांतली एक मोठी, बाकीच्या लहान. इथे मुलं भांडतात, आणि भांडू द्यावीत. मोटारसायकल हवी की बैल यावर घरात जो वाद होतो, तोच या उपक्रमाचा गाभा आहे.

एका गोष्टीवर मात्र मोठ्यांनी अडून बसावं: आईच्या माहेराचं काहीतरी चिन्हात आलंच पाहिजे. देवक वडिलांकडून येतं, कुळ वडिलांकडून मोजतात, आणि लेक सासरी गेली की तिचं देवक बदललं असं धरतात. युरोपातल्या ढालीवाल्यांनी इथे एक तोड काढली होती. लग्न झालं की ढाल उभी दुभागायची; एका अर्ध्यात नवऱ्याचं चिन्ह, दुसऱ्यात बायकोचं. आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाला उभं राहिलं की याची गरज पटते. जिजाऊंचा जन्म तिथे लखुजी जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी झाला. भोसल्यांच्या घराचं चिन्ह काढायला बसावं आणि त्यात सिंदखेड नसावं, हे चालेल का? मग शेगावच्या घरात जळगाव जामोदची आई असेल तर अर्धी ढाल सातपुड्याची व्हायला काय हरकत आहे?

१२ जानेवारीच्या जत्रेत सिंदखेड राजाला शिवरायांच्या राजमुद्रेचा अष्टकोन टोप्यांवर, झेंड्यांवर, गाड्यांच्या काचांवर दिसतो. मुद्रा हे शोभेचं चित्र नव्हतं. मुख्य मुद्रा पत्राच्या माथ्याला असे, आणि शेवटी दुसरी लहान मुद्रा, मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही वाढवू नये म्हणून. १६४६ च्या, रांझ्याच्या पाटलाला शिक्षा दिल्याच्या प्रसिद्ध पत्रावर ही मुद्रा आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजात घेतलेला अष्टकोन याच मुद्रेवरून प्रेरित आहे. दुसऱ्याची मुद्रा आपल्या दुचाकीच्या नंबरपाटीवर चिकटवून आपण कोण होतो हे मला कळत नाही, पण आकार उसना घ्यायला कुणाची मनाई नाही, आणि तो घडीनं अगदी अचूक निघतो. चौरस कागद उभा मधोमध दुमडायचा, मग आडवा. झालेला छोटा चौरस कागदाच्या मधल्या बिंदूतून जाणाऱ्या कर्णावर दुमडायचा. आता मूळ कागदाचा मध्य एका टोकाला आला. त्या टोकापासून दोन्ही कडांवर सारखं अंतर मोजून खूण करायची आणि दोन खुणा जोडणाऱ्या सरळ रेषेवर कापायचं. उलगडलं की नियमित अष्टकोन. सरळ रेषेऐवजी बाहेर फुगणारी कमान कापली तर आठ पाकळ्यांचं कमळ निघतं. देवगिरीच्या यादवांच्या सोन्याच्या पद्मटंक नाण्यावर मधोमध कमळ असे, आणि सिंदखेडचे जाधव आपला वंश याच यादवांशी जोडतात. एकाच घडीतून सासर आणि माहेर.

आता पान. ताजं, पण फार कोवळं नाही असं घ्यावं. ठसा घ्यायचा तो पानाच्या मागच्या बाजूचा, कारण शिरा तिथे उठून येतात. गेरू पाण्यात दाट कालवून कापसाच्या बोळ्यानं पातळ थर द्यायचा, वर कागद ठेवून लाटणं फिरवायचं. पहिला ठसा बहुधा फासतो, दुसरा-तिसरा चांगला येतो, कारण तोवर जादा रंग निघून गेलेला असतो. पिंपळाचं पान पाण्यात काही आठवडे कुजत ठेवलं, की मऊ भाग सुटून नुसती शिरांची जाळी उरते. ती काळ्या कागदावर चिकटवली की रंगच लागत नाही. रुई ज्यांचं देवक, त्यांनी पानं मोठ्यांकडूनच तोडून घ्यावीत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते.

रंग घरात आणि गावात मिळतात. गेरू तांबडा, दिव्यावर धरलेली काजळी काळी, चुना पांढरा, हळद पिवळी. फाल्गुनात ज्ञानगंगेच्या रानात पळस फुलतो, त्याची फुलं उकळली की केशरी-पिवळं पाणी मिळतं. नुसत्या पाण्यातले हे रंग वाळले की झडतात, म्हणून त्यांत बाभळीचा डिंक विरघळवून घालायचा. दुकानातल्या जलरंगांच्या वड्यांतही बाभळीच्याच जातकुळीतल्या झाडाचा डिंक असतो. हळदीत चिमूटभर चुना मिसळला की ती डोळ्यांदेखत लाल होते. हळदीतलं कुर्क्युमिन हे द्रव्य अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की रंग बदलतं. घरगुती कुंकू याच युक्तीवर तयार होत आलं आहे. तोच पिवळा रंग लिंबाच्या रसात मात्र पिवळाच राहतो, हेही करून पाहावं. हा लाल मुलांना फार आवडतो, पण चिन्हासाठी तो कामाचा नाही. काही दिवसांत तो मळकट होतो, आणि हळद स्वतःही उन्हात उडते. टिकाऊ हवं असेल तर गेरू, चुना आणि काजळी या तिघांवर भागवावं. मातीतून, दगडातून आणि धुरातून आलेले रंग उन्हाला दाद देत नाहीत. चुना कालवायचं काम मोठ्यांचं, तो कातडी आणि डोळे जाळतो. हिरव्याच्या नादी लागू नये. पालकाचा, मेथीचा रस आठवड्यात तपकिरी होतो.

चित्र झालं की अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं. तिथून तिन्ही वस्तू ओळखू आल्या नाहीत, तर एक वस्तू काढून टाकायची किंवा रेषा जाड करायची.

हा उपक्रम शाळेत घेणाऱ्या शिक्षकांना एक अडचण येते, आणि ती लपवून चालणार नाही. देवकाचं जुनं काम सोयरिकी ठरवण्याचं होतं. देवक एक असेल तर लग्न नाही. कूळ, देवक, गोत, सगळं शेवटी जातीच्या वाटेनं जातं. वर्गात चाळीस मुलांना 'आपापलं देवक काढा' म्हटलं तर ज्यांच्या घरी ते नाही त्यांनी काय करायचं? १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरांनी असल्या रीती जाणीवपूर्वक सोडल्या. मुस्लिम घरांत देवक नसतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरकूंची तऱ्हा निराळीच आहे. ते गेलेल्या माणसाच्या नावानं लाकडी खांब कोरतात, त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार काढतात. म्हणून वर्गात देवक हा प्रश्न नको, झाड हा प्रश्न ठेवावा: तुमच्या घराचं झाड कोणतं, आणि का? एकाचा उंबर देवकाचा असेल. दुसऱ्याचा पिंपळ बोधिवृक्षाचा असेल. तिसऱ्याचा दारातला निंब असेल, ज्याच्या सावलीत आजोबांचं सायकलचं दुकान होतं. एका वर्गात चार जणांचं झाड एकच निघेल आणि चौघांची जात, धर्म, गाव वेगळं असेल. तसं तर देवकांच्या जुन्या याद्यांतही तेच झाड कितीतरी जातींच्या पुढे लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्यांनी त्याचे रकाने वेगळे केले एवढंच.

चिन्ह जमलं की ते नुसतं भिंतीवर ठेवू नये, वापरावं. बटाटा किंवा जाड गाजर आडवं कापून त्यावर साधं रूप कोरलं तर ठसा तयार होतो. भेंडीला तर कोरायचीही गरज नाही, कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. मुळा, दुधी कापून पाहिले तर आणखी आकार सापडतात. हे ठसे मांजरपाटाच्या पिशव्यांवर, वह्यांच्या पहिल्या पानावर, धान्याच्या कोठ्यांवर मारता येतात. मराठी घरांत लग्नपत्रिकेवर गणपती, खाली देवाचं नाव आणि मग माणसांची लांबलचक यादी असते. तिच्या एका कोपऱ्यात घराचं पान बसेल. आणि देवक बसवायच्या दिवशी डहाळी आणायला निघालेल्या जोडप्याला कोणतं झाड ते विचारत फिरावं लागणार नाही. घरातल्या पोरांना ते माहीत असेल, आणि ते कोणाच्या बांधावर उभं आहे हेही.